पायथनचं डेसिमल, एक्सेलचं राउंड, पोस्टग्रेसचं नलइफ: जिनिंगच्या हिशोबावर घासून केलेला रिव्ह्यू

जळगाव-धुळे साईडला जिनिंगवाले (कापसातून सरकी काढून रुई करणारे), केळीचे व्यापारी, सराफ, पतपेढ्या यांची सॉफ्टवेअर आणि रिपोर्ट करून देणारे आपण बरेच जण आहोत आणि प्रत्येकाच्या प्रोजेक्टमधे ती एक युटिल्सची फाईल असतेच, तिच्यात दोन फंक्शन हमखास सापडतात, एक आकडा राउंड करणारं आणि दुसरं सेफ डिव्हाईड, म्हणजे खाली शून्य आलं तरी प्रोग्राम बंद पडू नये म्हणून लिहिलेलं. दोन्ही चार-पाच ओळींची, एकदा लिहिली की कोणी परत उघडून बघत नाही, आणि हिशोबात जो रुपया-दोन रुपयांचा फरक लटकत राहतो तो पुष्कळदा तिथूनच निघतो. म्हणून म्हटलं या दोन कामांसाठी जे तयार मिळतं त्याचा एकदा नीट रिव्ह्यू लिहावा, तोही पुस्तकातल्या उदाहरणांवर नाही तर आपल्याकडच्या बिलांवर आणि जिनिंगच्या उताऱ्यांवर, म्हणजे शंभर किलो कापसामागे किती रुई निघाली त्या आकड्यांवर.

निकाल आधीच सांगून टाकतो. पैशाच्या हिशोबाला पायथनचं डेसिमल मॉड्यूल, पाचपैकी साडेचार. रिपोर्टसाठी पोस्टग्रेस या डेटाबेसचं नलइफ, तेही साडेचार. एक्सेल साडेतीन. जावास्क्रिप्ट पैशासाठी दीड. आणि भागाकार जमला नाही की गुपचूप शून्य परत करणारं जे सेफ डिव्हाईड सगळीकडे कॉपी होत फिरतं त्याला एकही स्टार नाही, त्याचं कारण खाली सविस्तर लिहिलंय आणि खरं सांगायचं तर हा सगळा रिव्ह्यू त्याच्यासाठीच आहे.

आधी राउंड. पायथन तीनमधे राउंडला २.५ दिलं तर २ येतं आणि ३.५ दिलं तर ४ येतं, म्हणजे बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो, याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. पायथन दोनमधे २.५ चे ३ व्हायचे, २००८ ला तीन आलं आणि नियम बदलला. आता ही पायथनची चूक आहे असं समजू नका, हजारो आकड्यांची बेरीज असेल आणि सगळे अर्धे वरच ढकलले तर बेरीज हळूहळू वर सरकते, सम संख्येकडे नेले की काही वर जातात काही खाली आणि एकाच बाजूची ओढ राहत नाही, शास्त्रीय कामाला हेच योग्य. पण आपलं काम जीएसटीचं. सीजीएसटी कायद्याचं कलम १७० म्हणतं की रक्कम जवळच्या रुपयाला न्या, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरा, कमी असतील तर सोडून द्या. कराची रक्कम आली १२४८.५०. कायद्याने १२४९. पायथनचं राउंड देतं १२४८, कारण ४८ सम आहे. हीच रक्कम १२४९.५० असती तर १२५० आलं असतं, कायद्याशी जुळलं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं, म्हणूनच हे टेस्टिंगमधे सहज निसटतं, निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतं.

दुसरी गोष्ट २.६७५ ची. पायथनच्या राउंडला दोन दशांशापर्यंत न्यायला सांगा, २.६७ येईल. इथे बँकर्स राउंडिंगचा काही संबंध नाही, त्या नियमाने तर २.६८ यायला हवं होतं, सात विषम आणि आठ सम. भानगड अशी की बायनरीमधे २.६७५ पूर्ण बसतच नाही, मशीन आत जे ठेवतं ते २.६७५ पेक्षा केसभर कमी असतं, मग राउंड प्रामाणिकपणे खाली नेतं. म्हणजे फ्लोटमधे (दशांश आकडा असा बायनरीत ठेवणारा टाईप) पैसे ठेवले की राउंडचा नियम कितीही बरोबर निवडा, आकडा आधीच हललेला असतो. पैशासाठी साध्या राउंडला दोन स्टार, ग्राफ काढायला किंवा तापमानाची सरासरी दाखवायला खुशाल वापरा.

डेसिमल मॉड्यूल पायथनमधे २००४ पासून आहे, २.४ व्हर्जनपासून, आणि २०१२ च्या ३.३ मधे ते सी मधे परत लिहिलं गेलं तेव्हापासून स्लो आहे स्लो आहे ही तक्रार निदान आपल्या साईजच्या कामाला तरी लागू होत नाही. ते आकडा दशांशातच ठेवतं, आपण वहीत लिहितो तसा. क्वांटाईझ फंक्शनला सांगायचं की किती दशांश हवेत, पैशापर्यंत दोन किंवा रुपयापर्यंत शून्य, आणि नियम राउंड हाफ अप, म्हणजे अर्धा आला की वर, २.६७५ चे २.६८ येतात, १२४८.५० चे १२४९ येतात, विषय संपला. मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं तर राउंडिंगचा नियम नावानिशी लिहावा लागतो, सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी कोड उघडला तर त्याला दिसतं की इथे हाफ अप आहे आणि ते मुद्दाम आहे. फक्त नियम लिहायला विसरलात तर डिफॉल्ट परत तोच सम संख्येवाला आहे, म्हणून तो दरवेळी लिहायचाच. आणि आकडा आत देताना स्ट्रिंग म्हणून द्या, अवतरण चिन्हात, फ्लोट म्हणून दिला तर ती हललेली शेपूट सगळीच्या सगळी आत येते आणि मग डेसिमल वापरूनही उपयोग शून्य. डेसिमल आणि फ्लोटची बेरीज करायला गेलात तर ते सरळ टाईप एरर देऊन थांबतं, काही जणांना याचा वैताग येतो पण मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो, मिसळू देत नाही.

आता क्रेडिट नोट, म्हणजे माल परत आला की बिलाच्या उलट फाडायचा कागद. हे नीट बघा कारण इथे प्रत्येक टूलचा स्वभाव उघडा पडतो. व्यापाऱ्याने १२४८.५० चा माल घेतला आणि सगळा परत केला, बिल अधिक १२४८.५०, क्रेडिट नोट उणे १२४८.५०, दोन्ही रुपयात राउंड करायचे आणि खातं शून्य व्हायला पाहिजे. एक्सेलचं राउंड देतं १२४९ आणि उणे १२४९, खातं शून्य. डेसिमलचं हाफ अप तेच देतं, कारण नावात अप असलं तरी ते शून्यापासून लांब नेतं. जावास्क्रिप्टचं मॅथ डॉट राउंड देतं १२४९ आणि उणे १२४८, कारण ते अर्ध्यावरचा आकडा कायम वरच्या बाजूला नेतं आणि उण्याच्या बाजूला वर म्हणजे शून्याकडे. खात्यात एक रुपया उभा राहिला, माल परत आलाय, पैसे परत गेलेत, आणि वर्षाअखेरीला हा एक रुपया कशाचा म्हणून मुनीमजी लेजर चाळत बसणार. जावाचं साधं मॅथ राउंडही असंच वागतं, तिथे बिगडेसिमल वापरलं तर प्रश्न नाही.

जावास्क्रिप्टवर अजून एक. १.००५ ला टू फिक्स्डने दोन दशांशावर नेलं तर १.०० येतं, १.०१ नाही, कारण तेच फ्लोटचं. यावर एक उपाय सगळीकडे कॉपी-पेस्ट होतो, आकड्यात नंबर डॉट एप्सिलॉन मिळवायचा, शंभराने गुणायचं, राउंड करायचं, परत भागायचं. १.००५ वर ते चालतं. पण एप्सिलॉन म्हणजे एक आणि त्याच्या लगेच पुढचा फ्लोट आकडा यांच्यातलं अंतर, आकडा चारच्या वर गेला की तो मिळवला काय आणि न मिळवला काय, बेरजेत काही फरकच पडत नाही. आता सांगा, चार रुपयांच्या आतलं बिल आपल्याकडे कोण फाडतं? जावास्क्रिप्टमधे पैसे ठेवायचेच असतील तर पैशांचे पूर्णांक ठेवा, रुपये नाही पैसे, १२४८.५० म्हणजे १२४८५०, आणि फक्त दाखवताना शंभराने भागा.

एक्सेलबद्दल माझी तक्रार एकच आहे पण ती मोठी आहे. शीटमधलं राउंड २.५ चे ३ करतं, आणि त्याच फाईलच्या मॅक्रोमधे व्हीबीएचं (मॅक्रो लिहायच्या भाषेचं) राउंड वापरलं तर २.५ चे २ होतात. एकच फाईल, एकच शब्द, दोन उत्तरं. ज्यांची ज्यांची जुनी बिलिंग शीट मॅक्रोवर चालते त्यांनी हे आजच तपासा, मॅक्रोमधून वर्कशीट फंक्शनचं राउंड बोलावता येतं, तेवढा बदल पुरतो. पोस्टग्रेसमधे पण असंच एक आहे, न्यूमेरिक (दशांशात ठेवणाऱ्या) टाईपचे २.५ राउंड केले तर ३ आणि डबल प्रिसिजनचे, म्हणजे फ्लोटचे, केले तर साधारण सगळ्या मशीनवर २, पण तिथे एक चांगली सोय आहे, डबल प्रिसिजनला दोन दशांशावर राउंड करायला सांगितलं तर असं फंक्शनच नाही म्हणून एरर येतो आणि माणसाला न्यूमेरिककडे वळावंच लागतं.

आणि प्रत्येक ठिकाणी राउंडच पाहिजे असंही नाही हो. जिनिंगमधे रुईची गाठ १७० किलोची धरतात. १००० किलो रुई आहे, भागिले १७० म्हणजे ५.८८, राउंड केलं तर ६ गाठी. सहावी गाठ कुठे आहे? पाच गाठी भरल्या आणि १५० किलो रुई शिल्लक आहे, तिथे फ्लोअर, म्हणजे खालचा पूर्णांक धरणं, लागतो आणि बाकी वेगळी दाखवावी लागते. पायथनचं डिव्हमॉड हे दोन्ही एकदम देतं, साधं सरळ फंक्शन, पूर्ण मार्क. सारखं सारखं कापत राहण्याचा धोका मात्र वेगळा आहे, व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने १९८२ ला आपला निर्देशांक १००० वर सुरू केला आणि दर व्यवहारानंतर नवीन आकड्याचे तीन दशांश ठेवून पुढचे कापून टाकले, राउंड न करता, १९८३ च्या नोव्हेंबरात निर्देशांक ५२४ च्या आसपास होता आणि बरोबर हिशोब केल्यावर निघाला १०९८.८९२. बाजार चढलेला आणि आकडा निम्म्यावर. म्हणून मधल्या पायरीला ना कापा ना राउंड करा, पूर्ण आकडा पुढे न्या, राउंड शेवटी एकदाच.

तर आता सेफ डिव्हाईड.

जिनिंगच्या रोजच्या रिपोर्टमधे मालक पहिली नजर कशावर टाकतो तर उताऱ्यावर, म्हणजे शंभर किलो कापसातून किती किलो रुई निघाली. रुई भागिले कापूस गुणिले शंभर. ३४ आला, ३४.५ आला, मालक खूश, ३३ च्या खाली आला की विचारणा सुरू, माल ओला होता का, कोणत्या गावचा होता, मशीनमधे काही आहे का. आता पोळ्याला, दिवाळीला, लाईट गेली म्हणून, पाऊस आला म्हणून जिन बंद राहते. त्या दिवशी कापूस शून्य, रुई शून्य, शून्य भागिले शून्य. प्रोग्राम पडू नये म्हणून सेफ डिव्हाईडने शून्य परत दिला आणि रिपोर्टमधे त्या दिवशीचा उतारा छापला ०.००. एका जिनवर असा रिपोर्ट बघताना तिथल्या म्हाताऱ्या मुनीमजींनी चष्मा वर करून विचारलं, "भाऊ, जिन बंद व्हती ना त्या दिवशी, मंग उतारा शून्य कसा लिहिला, शून्य उतारा म्हणजे कापूस घातला आन रुई निघालीच नाही." इतकं नेमकं मी कोणत्या डॉक्युमेंटेशनमधे वाचलेलं नाही. उतारा नाही आणि उतारा शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो पाच ओळींचा हेल्पर दोन्हीला एकच आकडा देतो.

बरं ते एका ओळीपुरतं राहत नाही. सहा दिवस उतारा ३४.५ आणि सातव्या दिवशी बंद, त्या शून्यासकट आठवड्याची सरासरी काढली तर येते २९.५७. मालकाला वाटणार मशीन बिघडली नाहीतर कोणीतरी रुई पळवली. प्रोग्राम पडला असता तर निदान फोन आला असता, इथे फोनही येत नाही, छान रंगीत रिपोर्ट येतो आणि त्यात खोटं लिहिलेलं असतं.

पोस्टग्रेसचं नलइफ मला आवडतं ते यासाठी. कापूस शून्य असेल तर नल, म्हणजे रिकामं, कर एवढंच ते करतं, नलने भागलं की उत्तर नल, आणि सरासरी काढणारं एव्हीजी नलला मोजतच नाही, सहा दिवसांची सरासरी ३४.५ येते. एका छोट्या शब्दात पूर्ण काम. फक्त त्याच्या बाहेर कोअलेस (नलच्या जागी दुसरा आकडा घालणारं फंक्शन) लावून नलचं परत शून्य करू नका, बऱ्याच क्वेरीत हे दिसतं आणि मग सगळं मुसळ केरात. मायएसक्यूएल सिलेक्टमधे शून्याने भागलं तर स्वतःहूनच नल देतं. बिगक्वेरीत सेफ डिव्हाईड याच नावाचं फंक्शन आहे आणि तेही नल देतं. पॉवर बीआयचं डिव्हाईड ब्लँक देतं, तिसऱ्या जागी दुसरं उत्तर देता येतं पण ती जागा रिकामी सोडलेलीच बरी. म्हणजे ज्यांनी ज्यांनी विचार करून असं फंक्शन बनवलं त्यांच्यापैकी या तिघांनी तरी शून्य निवडलेला नाही, रिकामं निवडलंय. पायथनच्या पांडाज लायब्ररीत शून्य भागिले शून्य नॅन, म्हणजे आकडाच नाही, होतं आणि सरासरी त्याला गाळते, तिथपर्यंत ठीक, पण वर काही आकडा आणि खाली शून्य असेल तर इन्फिनिटी येते आणि ती गाळली जात नाही, सगळी सरासरीच इन्फिनिटी होते.

एक्सेलमधे लोक इफएरर, म्हणजे एरर आला की त्याच्या जागी दुसरं काही दाखवणारं फंक्शन, लावतात, २००७ पासून आहे, आणि माझं त्याच्याशी पटत नाही. ते फक्त शून्याचा भागाकार झाकत नाही, सेलचा रेफरन्स तुटला तरी झाकतं, व्हीलुकअपला नाव सापडलं नाही तरी झाकतं, आकड्याच्या जागी कोणी अक्षर टाकलं तरी झाकतं. त्यापेक्षा साधं इफ लिहा, कापसाचा सेल शून्य असेल तर रिकामं नाहीतर भागाकार, अॅव्हरेज रिकाम्या मजकुराला मोजत नाही आणि बाकीचे एरर दिसत राहतात. दिसलेच पाहिजेत.

आता ज्या डेसिमलचं एवढं कौतुक केलं त्याचा अर्धा स्टार कुठे गेला ते सांगतो. त्याला ५ भागिले ० दिलं तर डिव्हिजन बाय झिरो एरर येतो आणि तो पायथनच्या नेहमीच्या झिरो डिव्हिजन एररचाच पोटप्रकार आहे, त्यामुळे एरर पकडणाऱ्या नेहमीच्या एक्सेप्टमधे तो पकडला जातो. पण ० भागिले ० दिलं तर येतो इनव्हॅलिड ऑपरेशन, आणि तो झिरो डिव्हिजन एररमधे बसत नाही. म्हणजे झिरो डिव्हिजन एरर पकडून लिहिलेला हेल्पर पाच भागिले शून्यला वाचवतो आणि नेमका जिन बंद असलेल्या दिवशी पडतो. गणिताच्या दृष्टीने दोन्ही वेगळे आहेत हे मान्य, पण वापरणाऱ्याला अंधारात ठेवणारं आहे. एरर पकडत बसण्यापेक्षा भागायच्या आधीच खालचा आकडा शून्य आहे का ते तपासा आणि असेल तर नन, म्हणजे पायथनचं रिकामं, परत करा, हे दोन्हीला लागू पडतं.

फ्लोटमधे मात्र ती तपासणीही पुरत नाही. ०.३ मधून ०.१ वजा करा, मग ०.२ वजा करा, हातात शून्य राहायला पाहिजे, राहतं शून्याच्या अगदी जवळचं एक उणे पिल्लू, सोळा शून्यांनंतर सुरू होणारं. शून्य आहे का विचारलं तर नाही म्हणतं, भागाकार होतो आणि उत्तर येतं कोटी-अब्जांच्या कितीतरी पुढचं. आवक वजा जावक असा शिल्लक साठा खाली घेऊन टक्केवारी काढणारे जे रिपोर्ट असतात तिथे हे हमखास होतं. डेसिमलमधे तीच वजाबाकी खरोखर शून्य येते.

शून्याचा एंट्रीतला एक आकडा कुठपर्यंत जातो याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकन नौदलाचं यॉर्कटाऊन जहाज, १९९७ च्या सप्टेंबरात डेटाबेसमधे शून्य टाकला गेला, भागाकार फसला आणि जहाजाचं इंजिन चालवणारी यंत्रणा बंद पडून जहाज काही तास पाण्यात नुसतं उभं. त्यामुळे पडू न देणारा हेल्पर पाहिजे यात वादच नाही, माझं म्हणणं फक्त त्याने परत काय द्यावं एवढंच आहे.

राउंडिंगचं एक राहिलं, वाटणीचं. तीन शेतकऱ्यांची केळी एकाच गाडीत रावेरहून निघाली, हमाली १००० रुपये, प्रत्येकी ३३३.३३, बेरीज ९९९.९९. एक पैसा गेला कुठे? किंवा १२३४५ रुपयांच्या सोन्यावर तीन टक्के म्हणजे ३७०.३५, पण सीजीएसटी आणि एसजीएसटी दीड-दीड टक्का वेगळे काढले तर प्रत्येकी १८५.१७५, पैशापर्यंत राउंड केल्यावर १८५.१८ आणि १८५.१८, बेरीज ३७०.३६. जीएसटीच्या बाबतीत उपाय सोपा आहे, दोन्ही कर वेगळे राउंड करा आणि एकूण म्हणजे त्या दोघांची बेरीज, तीन टक्के परत वेगळे काढून दाखवूच नका. हमालीच्या बाबतीत मात्र तयार फंक्शन मी वर सांगितलेल्या एकाही टूलमधे नाही, आपलं आपल्यालाच लिहावं लागतं, सगळ्यांचे आकडे पैशापर्यंत खाली कापायचे, उरलेले पैसे मोजायचे आणि ज्याचा कापलेला भाग सगळ्यात मोठा त्याला पहिला पैसा, मग दुसऱ्याला. सारखेच असतील तर पट्टीवर (शेतकऱ्यांना देतात त्या हिशोबाच्या कागदावर) ज्याचं नाव आधी त्याला. नियम कोणताही चालेल पण तो दरवेळी तोच पाहिजे, नाहीतर तीच पट्टी परत छापली की पैसा एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला दिसतो आणि शेतकरी विचारतो तेव्हा उत्तर नसतं.

कोणी नवीन प्रोजेक्ट सुरू करत असेल तर माझी शिफारस अशी, पैसे डेसिमलमधे किंवा पैशांच्या पूर्णांकात, रुपयात नेणारं एक वेगळं फंक्शन ज्यात हाफ अप लिहिलेलं आहे, आणि भागाकाराचं फंक्शन जे शून्यावर नन देतं आणि स्क्रीनवर तिथे एक आडवी रेघ दिसते. आठवड्याचा उतारा रोजच्या टक्क्यांच्या सरासरीने काढूच नका, आठवड्याची एकूण रुई भागिले एकूण कापूस, कारण ज्या दिवशी दोनशे क्विंटल आलं आणि ज्या दिवशी वीस क्विंटल आलं त्यांचं वजन सारखं धरणंच चूक आहे. टेस्टमधे १२४८.५०, उणे १२४८.५०, २.६७५, पाच भागिले शून्य, शून्य भागिले शून्य आणि हजार रुपयांचे तीन भाग, एवढे आकडे टाका. सराफाचं काम असेल तर वजनाचे तीन दशांश पण वेगळे तपासा, वजनाला आणि रकमेला एकच राउंड फंक्शन लावलेलं मी पाहिलंय, त्यात तिसरा दशांश म्हणजे मिलिग्रॅमच उडून जातात.